माळावरचं घर : उताराच्या जागेत घराची आखणी कशी करावी



गेल्या काही वर्षांत आमच्या स्थापत्य विभागाच्या दारात एक नवीनच गर्दी दिसू लागली आहे. पूर्वी सभासद यायचे ते वजनकाट्याच्या रस्त्याची नाहीतर पाणीपुरवठा योजनेच्या पाइपलाइनची तक्रार घेऊन. आता हातात सातबारा आणि वहीच्या पानावर काढलेला नकाशा घेऊन येतात आणि म्हणतात, "साहेब, माळावर घर बांधायचं ठरलंय. जरा बघून द्या."

याचे कारण उघड आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांनी कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या काठच्या माणसांना चांगलाच धडा दिला. ज्यांच्या घरात माळ्यापर्यंत पाणी चढले, त्यांनी वर सरकायचे मनाशी पक्के केले. दुसरे कारण असे, की काळी बागायत जमीन आता गुंठ्या-गुंठ्याने मोजायची वेळ आली आहे. ज्या रानात एकरी साठ-सत्तर टन ऊस निघतो त्यात घर बांधणे म्हणजे दुभत्या म्हशीला औताला जुंपण्यासारखे आहे. त्यापेक्षा वरचा मुरमाड, उताराचा, पडीक तुकडा घरासाठी वापरावा हा विचार शहाणपणाचाच आहे.

पण उताराच्या जागेत सपाटीवरचा नकाशा जसाच्या तसा नेऊन ठेवला की घोटाळा होतो. शेजाऱ्याचे घर पाहिले, तसेच बांधायचे ठरवले, जेसीबी बोलावला, दोन दिवसांत जागा सपाट केली आणि पाया मारला, अशी घरे आम्ही बरीच पाहिली. त्यातली काही आज भेगा घेऊन उभी आहेत. आमचे स्वतःचे घर त्यातलेच एक होते. त्याची हकिगत पुढे सांगूच. आधी जागेकडे वळू.

एक पावसाळा नुसती जागा पाहा

आमचा पहिला सल्ला पुष्कळांना आवडत नाही. जागा ठरली की लगेच कुदळ मारू नका. एक पावसाळा जागा नुसती पाहा. मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला की छत्री घेऊन माळावर जा आणि पाणी कुठून येते, कुठे एकवटते, कुठली ओघळ धरते ते पाहा. जिथून पाणी धावते तिथे चुन्याची फक्की नाहीतर खुंटी मारून ठेवा. पावसाळा संपत आला की पुन्हा फिरा. बाकीचा माळ वाळला असताना एखाद्या पट्ट्यात गवत हिरवेगार दिसले, पाय ठेवला की बूट ओला झाला, तर तिथे जमिनीखालून पाझर आहे असे समजा. त्या पट्ट्यावर घर नको.

वरच्या अंगाला कालवा, शेततळे किंवा बारमाही भिजणारे उसाचे रान असेल तर आणखी सावध राहा. वर दिलेले पाणी मुरमातून खाली सरकत येते आणि उताराच्या पायथ्याला बाहेर पडते. आपल्या भागात जमिनी पाणथळ आणि खारवट कशा झाल्या हे सभासदांना वेगळे सांगायला नको. रानाला जे झाले तेच भिंतीला होते. भिंत खालून ओल खेचते, गिलावा फुगतो, पांढरे खार फुटतात.

त्यानंतर जमिनीची कूस पाहावी. घराच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक, असे पाच खड्डे पाच-सहा फूट खोल घ्या. आपल्याकडच्या डोंगर-माळाची रचना साधारण अशी असते : वर वीतभर मातट थर, त्याखाली मऊ मुरूम, मग कठीण मुरूम आणि शेवटी काळा पाषाण. उतार खाली उतरत गेला की मातीचा थर जाड होत जातो आणि पायथ्याला काळी माती लागते. ही काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टेकलेली भिंतही तिच्याबरोबर वर-खाली होते. म्हणून पाचही खड्ड्यांत कठीण मुरूम किती फुटांवर लागला ते वहीत लिहून ठेवा. हा कागद गवंड्याच्या अंदाजापेक्षा मोलाचा आहे.

उतार डोळ्याने मोजू नका

उतार डोळ्याला नेहमी फसवतो. मोजायला यंत्र लागत नाही. चाळीस-पन्नास फुटांची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घ्या, तिच्यात पाणी भरा, आतले बुडबुडे काढून टाका. एक माणूस वरच्या खुंटीशी आणि एक खालच्या खुंटीशी. दोन्ही टोकांचे पाणी एकाच पातळीत राहते. वरच्या टोकाशी जमिनीपासून पाण्याची उंची मोजा, खालच्या टोकाशी मोजा, वजाबाकी करा. गवंडी हेच काम रोज करतात. पण जागेचे माप मालकाने स्वतः घेतलेले बरे.

समजा ६० फुटांत ६ फूट फरक आला. म्हणजे दर दहा फुटांना एक फूट, १ ला १० उतार. अशा जागेत घर चांगले बसते. १ ला २० असेल तर काळजीचे कारणच नाही. १ ला ७ किंवा ८ च्या पुढे गेलात की खर्च भराभर वाढतो. १ ला ५ हून अधिक चढ असेल तर ती जागा घरासाठी सोडून द्या. तिथे झाडे लावा. एवढ्या चढावर बांधकाम करायला नगररचनेच्या नियमांचीही आडकाठी येते.

घर उताराला आडवे ठेवा

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. सभासदांना समपातळी बांध माहीत आहे. १९७२ च्या दुष्काळात आपल्या वाडवडिलांनी मैलोन्‌मैल बांध घातले ते उताराला आडवे, उभे नव्हेत. घराचेही तसेच आहे. लांब बाजू समपातळीत, आखूड बाजू उताराच्या दिशेने.

हिशोबच करून पाहू. घर ४० फूट लांब आणि २४ फूट रुंद आहे, उतार १ ला १० आहे. लांबी आडवी ठेवली तर वरच्या आणि खालच्या भिंतीत २४ फुटांचा उतार येतो, म्हणजे सुमारे २.४ फूट फरक. तेच घर उभे वळवले तर ४० फुटांचा उतार येतो, म्हणजे ४ फूट फरक. वरच्या कडेच्या पातळीला सगळे जोते आणायचे ठरवले तर आडव्या घराला सुमारे साडेअकरा ब्रास भराव लागतो आणि उभ्या घराला १९ ब्रासच्या वर. शिवाय उभ्या घराची खालची भिंत जोत्यापर्यंतच दीड फूट जास्त उंच होते. घर तेच, खोल्या त्याच. नुसते वळवल्याने पावणेआठ ब्रास भराव वाचला.

याचा आणखी एक फायदा असा, की पुढे घर वाढवायचे झाले तर आडव्या अंगाने वाढवता येते. पोरं मोठी होतात, लग्नं होतात, दोन चुली मांडायची वेळ येते. तेव्हा त्याच पातळीत डावीकडे दोन खोल्या आणि उजवीकडे दोन खोल्या निघतात. उताराच्या दिशेने वाढवायचे म्हणजे प्रत्येक खोलीला नवा भराव आणि नवी ताल. म्हणून आज घर लहान असले तरी दोन्ही अंगांना वीस-वीस फूट मोकळे ठेवा, तिथे हौद नाहीतर संडास बांधून वाट अडवू नका.

काही सभासद विचारतात, वास्तुशास्त्राचं काय? ज्यांना पाहायचे त्यांनी अवश्य पाहावे. दरवाजा, देवघर, चूल यांच्या दिशा आडव्या घरातही जुळवता येतात. पण जमिनीचा उतार काही कोणाच्या नकाशाप्रमाणे वळत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

आमच्या घराची हकिगत

१९८६ साली आमच्या वडिलांनी माळावर घर बांधले. गावातले वाड्यातले दोन खण वाटणीत अपुरे पडत होते. तीन वर्षांची उसाची बिले साठवून त्यांनी हे काम काढले होते. गवंड्याने वरच्या अंगाचा मुरूम खोदला, खालच्या अंगाला लोटला आणि जागा टेबलासारखी सपाट केली. बघायला छान दिसायची. सगळ्या भिंतींना सारखा तीन फूट पाया खोदला. वरच्या भिंतीखाली तीन फुटांवर कुदळ खणखणत होती. खालच्या भिंतीखाली तीन फुटांवर काय होते? कालच लोटलेला भराव.

हे कोणी पाहिले नाही, कारण त्या आठवड्यात आमच्या उसाला तोड आली होती. घरातला प्रत्येक माणूस फडात. वडील संध्याकाळी आले तेव्हा पायात दगड भरून झालेला होता.

पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या वर्षी खालच्या खोलीच्या खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्या-पायऱ्यांची भेग निघाली. तिच्यात चार आण्याचे नाणे जाई. गवंडी म्हणाला, "गिलाव्याची हाय, सिमेंट भरा." सिमेंट भरले. तिसऱ्या वर्षी त्याच भेगेत बोट जाऊ लागले. त्या खोलीत आमची आजी निजत असे. ऑगस्टात चार दिवस झड लागली तेव्हा आईने हट्ट धरला आणि आजीचे अंथरूण सोप्यात आणले. आजी कुरकुरली, कारण तिला त्या खिडकीतून गोठा दिसायचा. दुसऱ्या रात्री ती भिंत बाहेरच्या अंगाला गेली. आजीच्या खाटेवर कमरेएवढे दगड होते.

वडील फार बोलणारे नव्हते. सकाळी पडलेल्या भिंतीकडे बघून ते एवढंच म्हणाले, "एक दिवस तोड थांबवली असती तर चाललं असतं." पुढची दोन वर्षे ती खोली पुन्हा उभी करण्यात गेली. तेव्हापासून कोणी सभासद पाया खोदायची तारीख सांगतो तेव्हा आम्ही पहिल्यांदा विचारतो, "त्या दिवशी तुमी सोताः असणार का?"

पाया : भरावावर भिंत नको

यातून निघालेला नियम सोपा आहे. भराव फक्त फरशीखाली चालतो, भिंतीखाली नाही. प्रत्येक भिंतीचा पाया भराव ओलांडून, मूळ जमिनीतल्या एकाच जातीच्या थरावर, म्हणजे कठीण मुरमावर टेकला पाहिजे. वरच्या भिंतीला तो दोन फुटांवर लागेल, खालच्या भिंतीला पाच फुटांवर लागेल. जिथे लागेल तिथपर्यंत जायचे. अर्धे घर खडकावर आणि अर्धे भुसभुशीत मातीवर असेल तर खडकावरचे जागेवर राहते, मातीवरचे खचते आणि मधे भेग पडते. सगळे घर सारखे खचले तर एक वेळ चालते, कमी-जास्त खचलेले चालत नाही.

उताराच्या दिशेने जाणाऱ्या आडभिंतींचा पाया पायऱ्या-पायऱ्यांनी उतरवावा. चराचा तळ प्रत्येक पायरीत अगदी सपाट हवा. तळ उताराप्रमाणे तिरका ठेवला तर सगळे वजन खाली घसरू पाहते. एक पायरी फार उंचही नको. पायाच्या थराची जेवढी जाडी तेवढीच, साधारण फूटभर, आणि वरचा थर खालच्या थरावर चांगला हात-दीड हात चढलेला हवा.

फरशीखालचा भराव मुरमाचा करा, काळ्या मातीचा नको. सहा-सहा इंचांचे थर टाकून, पाणी मारून, प्रत्येक थर धुम्मसने ठोकून घ्या. ट्रॉलीने एकदम ओतून वरून पाणी सोडले की भराव बसला, ही समजूत खोटी आहे. वरचा हातभर बसतो, खालचा पुढच्या पाच वर्षांत सावकाश बसत राहतो.

सगळे घर एका पातळीत हवे का?

पुष्कळांना वाटते, उताराची जागा म्हणजे आधी सपाट केलीच पाहिजे. तसे नाही. वर घेतलेल्या उदाहरणात २४ फूट रुंदीचे बारा-बारा फुटांचे दोन पट्टे केले आणि खालचा पट्टा १.२ फूट, म्हणजे दोन पायऱ्या खाली ठेवला, तर भराव साडेअकरा ब्रासचा पावणेसहा ब्रासवर येतो. अगदी निम्मा.

पण येथे घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा विचार आधी करा. स्वयंपाकघर, आई-वडिलांची खोली, न्हाणीघर आणि संडास ही चार ठिकाणे एकाच पातळीत असावीत. रात्री उठल्यावर पायरी लागता कामा नये. मुलांची खोली, धान्याची खोली, पाहुण्यांची बैठक दुसऱ्या पातळीत गेली तरी चालते. एकच पायरी कुठेही ठेवू नये, ती दिसत नाही आणि माणूस अडखळतो. पायऱ्या दोन किंवा तीन असाव्यात, त्यांच्यावर उजेड असावा आणि भिंतीला हात धरायला दांडी असावी. उद्या चाकाच्या खुर्चीची वेळ आली तर १.२ फूट उंची चढायला साडेचौदा फूट लांबीचा उतरता कट्टा लागतो. तेवढी जागा बाहेरच्या अंगाने आजच राखून ठेवा.

उतार जास्त असेल तर खालच्या अंगाला जोत्याखाली एक पुरुषभर उंचीची जागा आपोआप मिळते. तिथे भराव न घालता औजारे, ठिबकच्या नळ्या आणि खताची पोती ठेवायला तळघर काढता येते. मात्र त्याची वरच्या अंगाची भिंत मातीचा दाब सोसते, ती अभियंत्याकडूनच आखून घ्यावी.

पाणी वरच्या वर वळवा

उताराच्या घराचा सगळ्यात मोठा शत्रू पाणी. एक एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी पडले. दहा हजार लिटरचे दहा टँकर! त्यातले सगळे काही वाहत येत नाही. पण तुमच्या घराच्या वर दोन एकर माळ असेल आणि जमीन आधीच भिजलेली असेल तर किती टँकर भिंतीवर येऊन धडकतील ते तुम्हीच पाहा.

म्हणून घराच्या वरच्या अंगाला, भिंतीपासून आठ-दहा फूट सोडून, दीड फूट रुंद आणि फूटभर खोल चर काढा. त्याला शंभर फुटांना एक फूट एवढा ढाळ द्या आणि दोन्ही बाजूंनी घराला वळसा घालून पाणी ओघळीत सोडा. जिथे चर एकदम खाली उतरतो तिथे दगड बसवा, नाहीतर पाणी स्वतःच नवी वाट खोदते. आणि हे पाणी शेजाऱ्याच्या रानात सोडू नका. बांधाच्या भांडणापेक्षा पाण्याचे भांडण जास्त पिढ्या चालते.

वरच्या अंगाला खोदकाम केले असेल तर तो कडा आणि घराची भिंत यांत निदान चार फूट जागा मोकळी ठेवा. कडा चार फुटांपेक्षा उंच असेल तर त्याच्या उंचीएवढी ठेवा. काही जण जागा वाचवायला घराची भिंत थेट कड्याला भिडवतात. ती भिंत बारा महिने ओली राहते.

कड्याला किंवा भरावाला ताल घालताना शेतातल्या तालीचेच नियम. बूड रुंद, माथा अरुंद, अंग आतल्या बाजूला कललेले. चार फूट उंच तालीला बूड दोन-अडीच फूट हवे. सिमेंटमध्ये बांधणार असाल तर दर चार-पाच फुटांवर पाणी जायला छिद्रे ठेवा आणि मागे फूटभर दगडगोट्यांची भर द्या. ताल मातीने पडत नाही, मागे तुंबलेल्या पाण्याने पडते. पाच फुटांवर उंची गेली तर गवंड्याच्या अंदाजावर राहू नका, अभियंत्याला विचारा. तालीच्या काठाने वाळा लावावा, त्याची मुळे खोल जाऊन माती धरून ठेवतात.

छपरावरचे पाणी मात्र वाया घालवू नका. ४० बाय २४ च्या छपरावर एक इंच पाऊस म्हणजे सुमारे २,२०० लिटर. वर्षाला वीस इंच पाऊस धरला तर ४५ हजार लिटर होतात. पन्हळीने ते हौदात घ्या. हौद घराच्या खालच्या अंगाला ठेवला तर परसबागेला मोटरीशिवाय पाणी जाते.

गोठा, गोबरगॅस, विहीर

उतार नीट वापरला तर तो फुकटचा गडी आहे. पिण्याच्या पाण्याची टाकी जागेच्या सर्वांत उंच कोपऱ्यात जमिनीवरच बांधा, छपरावर चढवायची गरज पडत नाही. त्याखाली घर, घराच्या खाली गोठा, गोठ्याच्या खाली गोबरगॅस आणि सगळ्यांत खाली खताचा खड्डा. गोठ्याच्या फरशीला पन्नास फुटांना एक फूट एवढा ढाळ दिला की मूत गटारीने आपोआप पुढे जाते. शेण खाली ढकलायचे, सांडणारी मळी आणखी खाली खड्ड्यात. बायामाणसांच्या डोक्यावरची पाटी तेवढी कमी होते. गॅसची नळी संयंत्राकडून घराकडे एकसारखी चढती ठेवा, म्हणजे नळीत साठणारे पाणी परत संयंत्राकडे उतरते आणि शेगडी भक्‌भक् करत नाही.

गोठा घराच्या पश्चिमेला मात्र नको. आपल्याकडे पावसाळ्यात वारा नैऋत्य-पश्चिमेकडून येतो, सगळा वास आणि माशा घरात येतील. त्याच कारणाने पश्चिमेची भिंत पावसाचा मारा आणि दुपारचे ऊन दोन्ही खाते. तिकडे कोठी, जिना किंवा रुंद पडवी ठेवा. स्वयंपाकघराला पूर्वेचा उजेड मिळाला तर उत्तम.

संडासाचा शोषखड्डा विहिरीच्या किंवा बोअरच्या वर कधीही नको. खालच्या अंगाला आणि निदान पन्नास फूट लांब हवा. आपल्या खडकाला फटी असतात, फटीतून घाण पाणी फार लांब जाते, म्हणून जागा असेल तर अंतर आणखी वाढवा.

रस्ता आणि अंगण

घर बांधून झाल्यावर रस्त्याचा विचार करणारे सभासद पाहिले की नवल वाटते. वाळूची गाडी कुठून येणार, उद्या आजारी माणसाला न्यायला गाडी दारापर्यंत चढणार का, हे आधी पाहा. भरल्या ट्रॉलीसाठी चढ १ ला १० च्या आत हवा. रस्ता सरळ वर न नेता उताराला तिरका न्यावा आणि वळायला जागा ठेवावी. ट्रॅक्टरची शेड रस्त्याच्या पातळीलाच असावी. घराच्या वरच्या अंगाला ट्रॅक्टर उभा करू नये. करावाच लागला तर चाकाखाली दगड हवाच.

अंगणासाठी निघालेला मुरूम वापरा. वाळवण, मळणी, मांडव या सगळ्याला घरासमोर एक सपाट पट्टा लागतो. त्याच्या खालच्या काठाला कठडा विसरू नका. लहान पोर खेळता खेळता मागे सरकत जाते.

भूकंप आणि दरड

११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, दोन्ही पहाटेचे, माणसे झोपेत असताना झाले. किल्लारीला मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर जड धाबे, यांनीच हजारो जीव घेतले. उताराच्या घराची खालची भिंत मुळातच उंच असते, म्हणून तिला जास्त बळकटी हवी. जोत्याला, खिडक्या-दारांच्या माथ्याला आणि छपराखाली असे तीन सलग काँक्रीटचे पट्टे सगळ्या घराभोवती फिरवा. दगडी भिंतीत ठराविक अंतराने आरपार जाणारे लांब दगड बसवा. खांबांवर घर उभे करणार असाल तर वरच्या अंगाचे खांब आखूड आणि खालचे लांब होतात. भूकंपाचा धक्का आखूड खांबांना जास्त बसतो, ते आधी मोडतात. असे घर अभियंत्याशिवाय बांधू नये.

डोंगराच्या अगदी कुशीत जागा असणाऱ्यांनी माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) विसरू नये. वरच्या उतारावर नव्या भेगा दिसणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे ही धोक्याची चिन्हे आहेत. ती दिसली तर सामानाच्या मागे न लागता माणसे आणि जनावरे घेऊन बाजूला व्हावे.

थोडक्यात

१. सपाटीकरणाच्या आधी सरकारी मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या करा. बांधकामाच्या परवानगीची ग्रामपंचायतीत आणि महसूल कार्यालयात चौकशी करा.

२. एक पावसाळा जागा पाहा, पाच खड्डे घ्या, नळीने उतार मोजा.

३. घर उताराला आडवे ठेवा, वाढीसाठी दोन्ही बाजू मोकळ्या ठेवा.

४. भिंतीखाली भराव नको. पाया पायऱ्यांनी उतरवा.

५. वरचा चर घराच्या आधी खोदा, घर झाल्यावर नव्हे.

६. म्हाताऱ्या माणसांची खोली, चूल आणि न्हाणी एका पातळीत ठेवा.

पाया दिवाळीनंतर, जमीन वाफशावर आल्यावर घ्यावा. नेमका तेव्हाच हंगाम सुरू असतो, तोडीची धावपळ असते, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीसुद्धा पायात पहिला दगड बसण्यापूर्वी घरच्या कर्त्या माणसाने प्रत्येक चरात स्वतः उतरावे, पहार मारून पाहावी आणि कठीण मुरमाचा आवाज कानाने ऐकावा. ज्या सभासदांना खड्डे आणि पाया दाखवायचा असेल त्यांनी आपल्या गट कार्यालयात निरोप ठेवावा. आमच्यापैकी कोणीतरी येऊन पाहून जाईल.

ऊस एक दिवस उशिरा तुटला तर वजनात थोडा फरक पडेल. पायाचा दिवस हुकला तर तो परत मिळत नाही.